मुक्कामाचा उजेड

आषाढी जवळ आली की वऱ्हाडातून दिंड्या निघतात. शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते. तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते. ती १५९४ पासून चालत आली, असं परंपरा सांगते. त्यांच्या मागेपुढे अमरावती-अकोल्याकडच्या कितीतरी लहान दिंड्या पंढरीची वाट धरतात. माणसं पायी, आणि सोबतीला एक ट्रक. त्यात राहुट्या, ताडपत्र्या, शिधा, भांडी, शेगड्या, पाण्याच्या टाक्या, सगळ्यांच्या वळकट्या. रोज संध्याकाळी नव्या जागी एक गाव उभं करायचं आणि पहाटे काकडा झाला की ते उचलायचं. चाकांवरच्या घरातून भटकायची हौस हल्ली आपल्याकडेही आली आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारनं त्यासाठी कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. आमच्याकडे मात्र चाकांवरचा संसार दिंडीनं फार आधीच थाटला होता. आमच्या लहानशा दिंडीत उजेडाचं काम माझ्याकडे असतं. जनरेटर कोणता घ्यावा, त्यात काय जाळावं, हे उन्हाळा लागला की कोणी ना कोणी विचारतंच. एका वाक्यात सांगण्यासारखं ते नाही. जसजसं उमगत गेलं तसतसं सांगतो.

१. जनरेटर किती केव्हीएचा, याचं उत्तर दुकानात नसतं. आपल्या सामानात असतं. सगळं सामान मांडून एकेका वस्तूचे वॅट कागदावर उतरवले की गोष्ट स्वच्छ होते. वीस वॅटच्या बारा एलईडी ट्यूब म्हणजे २४० वॅट. स्वयंपाकाकडे आणि ट्रकपाशी पन्नास वॅटचा एकेक फ्लडलाइट, हे १००. कीर्तनाच्या अँप्लिफायरला २५० धरू. इथपर्यंत बेरीज ५९०. मग येतात मोबाइल. चाळीस जणांनी एकदम चार्जिंगला लावले आणि दर मोबाइलला १० वॅट धरले, तरी ४०० होतात. साऱ्या दिंडीच्या दिव्यांना मिळून ३४० आणि मोबाइलला ४००! हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मी थक्क झालो. घरची खुशाली विचारण्याची ओढ उजेडाच्या गरजेलाही मागे टाकते, हे त्या कागदानं दाखवलं. तरी सगळं हजार वॅटच्या आतच बसतं. केव्हीएला ०.८ नं गुणलं की साधारण किलोवॅट निघतात. म्हणजे २ केव्हीएचा सेट १६०० वॅट देतो आणि आम्हाला पुरून उरतो. पाचशे वॅटचे हॅलोजन टांगायचो तेव्हा याच दिंडीला ५ केव्हीए लागायचा. यंत्र लहान झालं त्याचं मोठं श्रेय एलईडीला आहे.

२. मोटर चालताना मागते त्याच्या कितीतरी पट सुरू होताना मागते. टाकीत पाणी चढवायला अर्ध्या एचपीची मोटर असते. एकदा फिरू लागली की पाच-सहाशे वॅटवर तिचं भागतं, पण बटण दाबल्याच्या क्षणी तिचा ओढा पाच-सहा पट असतो. इंजिन कण्हतं, ट्यूबा मिणमिणतात आणि सेट लहान असला तर ट्रिप होतो. त्या एका क्षणासाठी मोठा सेट घ्यायचा म्हणजे पैसा जास्त, वजन जास्त आणि पंढरपूरपर्यंत रोजचं इंधनही जास्त. दिवसाचा क्रम बदलला की हा खर्च टळतो. दिवेलागणीच्या आधी, दुसरं काहीच जोडलेलं नसताना पाणी भरून घ्यायचं. तेव्हा २ केव्हीएचा सेटही कधीकधी ती मोटर कशीबशी उचलतो. टँकरला उंचवट्यावर जागा मिळाली तर नुसती नळी सोडली तरी पाणी येतं आणि मोटर लागतच नाही. ठेचा खलबत्त्यात होतो, त्यासाठी मिक्सर कशाला? किती यंत्र हवं, हे आपण कोणतं काम कधी करतो यावर इतकं अवलंबून असेल, असं मला आधी वाटलं नव्हतं.

३. ज्या इंधनाची किल्ली दुसऱ्याच्या हातात, त्याच्या भरवशावर मुक्काम ठेवू नये. हे रॉकेलनं शिकवलं. एकेकाळी लहान जनरेटर म्हटला की रॉकेलचाच, श्रीराम होंडा नाहीतर बिर्ला यामाहा. सुरुवात पेट्रोलवर करायची आणि इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढताच इंजिन धरतं. जुनी माणसं हे सगळं अंधारातसुद्धा नुसत्या हाताच्या सवयीनं करायची. पण रेशनचं निळं रॉकेल होतं ते स्वयंपाकाला आणि दिवाबत्तीला. इंजिनात जाळणं नियमात बसत नव्हतं. ते मिळायचंही आपल्या कार्डावर, आपल्या गावच्या दुकानात, आणि दिंडी तर जिल्ह्यामागून जिल्हे ओलांडत जाणार. खुल्या बाजारातलं रॉकेल महाग आणि प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही. पुढे घरोघरी गॅस आला, रेशनचं रॉकेल आटत गेलं आणि ते सेट माळ्यावर गेले. त्या यंत्रांबद्दल मला माया आहे. पण रॉकेलचा वास पिठाच्या पोत्याला आणि अंथरुणांना धरायचा, तो गेला याचा आनंद त्याहून मोठा आहे.

४. पेट्रोलचा लहान सेट एकटा माणूस उचलू शकतो, आणि मुक्कामावर या गुणाची किंमत फार आहे. २ केव्हीएचा इन्व्हर्टर जातीचा सेट वीस-पंचवीस किलोचा असतो. वारा फिरला, जागा ओली निघाली, की उचलून दुसरीकडे ठेवता येतो. साध्या सेटला ५० हर्ट्झ वीज देण्यासाठी मिनिटाला ३००० फेऱ्या धराव्याच लागतात, मग एक दिवा असो की वीस. इन्व्हर्टर सेट भार कमी झाला की आपली गती उतरवतो. कीर्तन संपून अँप्लिफायर बंद झाला की आवाजही खाली येतो आणि पेट्रोलही वाचतं. पेट्रोलचा खरा वैरी आहे ओल. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. कार्बोरेटरच्या वाटीचा तळातला स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या पेल्यात घेतलं, तर आषाढात कधीकधी दोन थर दिसतात: वर पेट्रोल आणि खाली पाणी-इथेनॉलचा जरा वेगळा चमकणारा पट्टा. इंजिन का खोकतंय ते त्या पेल्यात दिसतं. म्हणून टाकीचं झाकण घट्ट, डबा धातूचा आणि सावलीत, आणि पंढरपूरहून परतल्यावर टाकी व वाटी दोन्ही रिकामी. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं. डिझेलला हीच मर्यादा २५०० लिटर आहे. दोघांच्या स्वभावातला फरक या दोन आकड्यांत येतो.

५. डिझेलची भाषा वऱ्हाडातल्या प्रत्येक गावाला येते. विहिरीवर वीज पोहोचायच्या आधी शेताशेतात ऑईल इंजिनं होती. त्यामुळे कुठल्याही गावात एखादे काका निघतातच, ज्यांना नुसत्या आवाजावरून कळतं की इंजिननं हवा धरली आहे. ते पाना घेऊन नट अर्धा फेरा सैल करतात, हातपंप मारतात, डिझेलबरोबर फसफसत येणारे बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहतात आणि नट आवळून म्हणतात, "मारा आता हँडल." इंजिन धरतं. पैसे विचारले तर हात जोडतात, "माऊलीची सेवा हाये जी." अशा माणसांपुढे माझं सगळं वाचलेलं ज्ञान थोडकं वाटतं. डिझेलचे आणखी दोन गुण आहेत. ट्रकला लागतं तेच याला लागतं, म्हणून दुसरा डबा सांभाळावा लागत नाही. आणि ते पेट्रोलसारखं ठिणगीसरशी पेट घेत नाही. पूर्ण भारावर ते काटकसरीचंही आहे. एक किलोवॅट तासभर चालवायला लहान पेट्रोल सेट अर्धा ते पाऊण लिटर घेतो. नीट भार दिलेला डिझेल सेट तेवढंच काम साधारण एक तृतीयांश लिटरमध्ये करतो. मेख "नीट भार" या दोन शब्दांत आहे. पाच केव्हीएच्या डिझेल सेटवर चार ट्यूबा लावून रात्र काढली तर इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सरमधून काळा तेलकट ओघळ येतो आणि काटकसरही संपते. वजन शंभर किलोच्या वर, त्यामुळे तो ट्रकवरच राहतो. शेकडो माणसांच्या दिंडीला तो शोभतो, कारण तिथे त्याला पोटभर काम मिळतं.

६. गॅसवरचा जनरेटर स्वच्छ असतो, पण आमच्या ट्रकमध्ये गॅसवर पहिला हक्क भाकरीचा. एलपीजी शिळा होत नाही, कार्बोरेटरमध्ये चिकटा धरत नाही, धूरही कमी. मात्र घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर इंजिनाला जोडणं नियमात बसत नाही. १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर लागतं आणि वाटेतल्या लहान गावात ते बदलून मिळेल याची खात्री नसते. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो राहुटीत जमिनीलगत साचतो, आणि राहुटीत माणसं जमिनीवरच झोपलेली असतात. एका जागी आठवडाभर तळ ठोकणाऱ्या कुटुंबाला हा पर्याय चांगला असेल. रोज उठून चालणाऱ्यांना तो जमत नाही.

७. सर्वांत चांगला जनरेटर बहुतेक वेळा गावातच असतो, आणि तो मागून मिळतो. मुक्काम शाळेच्या आवारात किंवा देवळापाशी असतो. मुख्याध्यापकांना, सरपंचांना, देवळाच्या पंचांना आधी फोन करून ठेवला तर एखादा प्लग मिळतो. त्याचं बिल दिंडीनं द्यावं किंवा दानपेटीत टाकावं. तारेवर आकडा टाकायचा नाही, हा आमच्या दिंडीचा नियम आहे. आषाढाच्या वाऱ्यात लाईन जातेच. अकोला जिल्ह्यात पारसला औष्णिक वीज केंद्र, पुढच्या वाटेवर परळीला दुसरं. एवढी वीज करणाऱ्या मुलखातून जातानाही दोरी ओढून इंजिन सुरू करावं लागतं. अशा वेळी एक गोष्ट प्राणाइतकी महत्त्वाची आहे. गावची लाईन आणि जनरेटर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच हवाच. तो नसेल आणि जनरेटर थेट शाळेच्या वायरिंगला जोडला, तर आपली वीज उलटी बाहेर तारेपर्यंत जाते. ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाताना तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो. तार बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा त्यात जीव जाऊ शकतो. आपल्या राहुटीतल्या दिव्याचा धागा एखाद्या अनोळखी माणसाच्या प्राणापर्यंत जातो, ही जाणीव मला या कामात सगळ्यांत गंभीर करून गेली.

८. कीर्तनाला उजेड हवा असतो, यंत्राचा आवाज नको असतो. मृदंगाच्या धुमाचा घुमारा आणि इंजिनची घरघर जवळपास एकाच पट्टीत येतात. ऐकणाऱ्याला त्रास का होतोय हे कळतही नाही, पण मन लागत नाही. नव्या डिझेल सेटच्या आवाजाला केंद्राचा नियम आहे: पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त नको. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे सोळा मीटरवर तो साधारण ५१ वर येतो, गप्पांच्या आवाजाच्याही खाली. म्हणून सेटपेक्षा वायरवर खर्च केलेला मला जास्त फळला आहे. तीस मीटरची, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली की सेट ट्रकच्या पलीकडे जातो आणि ट्रकच आवाजाची भिंत होतो. वायर बारीक घेतली तर ती तापते आणि टोकाच्या ट्यूबा मंद होतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करायचा, हा कायदाच आहे. आम्ही त्याच वेळी इंजिनही थांबवतो. दिवसभर चाललेल्या पायांना झोप हवी असते.

९. पाऊस आला की यंत्र आत घ्यायचा मोह होतो, आणि धोका नेमका तिथे असतो. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोल इंजिनात तो डिझेलपेक्षा बराच जास्त. राहुटीच्या तोंडाशी, ताडपत्रीखाली, माणसं झोपलेल्या ट्रकच्या हौद्यात जनरेटर सुरू ठेवला तर झोपलेली माणसं जागी होत नाहीत. म्हणून पाऊस कितीही असो, सेट राहुट्यांपासून निदान सहा-सात मीटर दूर, वारा धूर बाहेर नेईल अशा बाजूला. त्याच्यावर चार खांबांवर टिनाचा पत्रा, चारही बाजू उघड्या. दुसरा धोका पायाखालचा. आपली काळी माती भिजली की वीज सहज वाहून नेते आणि दिंडीत निम्मी माणसं अनवाणी. सेटला अर्थिंगचा रॉड ओल्या जमिनीत खोल ठोकायचा, बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवायचा. सेटची न्यूट्रल अर्थशी जोडलेली नसेल तर तो आरसीसीबी नुसताच शोभेचा राहतो, म्हणून निघण्याआधी वायरमनकडून तपासून घ्यायचं. वायरचे जोड जमिनीवर कधीच नाहीत. बांबूवर, डोक्याच्या वर. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही, मग कीर्तन पंधरा मिनिटं उशिरा सुरू झालं तरी चालेल.

१०. इंजिनालाही श्वास लागतो. आषाढीची तारीख दरवर्षी बदलते. २०२४ मध्ये ती १७ जुलैला होती, २०२५ मध्ये ६ जुलैला. लवकर आली की पहिले मुक्काम अकोल्या-पातूरच्या कोरड्या उकाड्यात पडतात. तापलेली हवा विरळ असते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि पाटीवर लिहिलेली ताकद पूर्ण उतरत नाही. उंचीवरही तेच, दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के ताकद कमी होते. चिखलदरा १,१०० मीटरच्या वर आहे, तिथे दहावा हिस्सा सहज जातो. म्हणून हिशेबात पाचवा भाग शिल्लक ठेवावा. चिखलदऱ्याला गाडी घेऊन राहायला जाणारी ओळखीची कुटुंबं मला जनरेटरबद्दल विचारतात. त्यांना मी सांगतो, मेळघाटच्या बाजूला इंजिन नेऊच नका. सेमाडोह-कोलकासची रात्र ज्यांची आहे ते प्राणी तिथेच राहतात, आपण दोन दिवसांचे पाहुणे. चार दिवे आणि मोबाइल एवढ्यासाठी बॅटरी पुरते.

११. रात्रीला लागतो तो उजेड फार थोडा असतो. एकदा रात्री इंजिन बंद करताना आमच्यातल्या एक वयस्कर माय म्हणाल्या, "पोरा, मले अंधाराचं भेव नाही. पण पायाखाली काय हाये थे दिसलं पायजे." इंजिनचे सगळे आकडे मला पाठ होते, पण रात्रीच्या दिव्याचं माप त्या वाक्यात होतं. बायकांच्या राहुटीपासून शौचालयापर्यंतची वाट, पाण्याची टाकी, ट्रकच्या पायऱ्या. नऊ वॅटचे दहा बल्ब आठ तास जळले तर ७२० वॅट-तास होतात. बारा व्होल्टची, १५० अँपिअर-तासाची साधी बॅटरी १८०० वॅट-तास धरते आणि तिचं आयुष्य राखायला त्यातले निम्मेच वापरायचे. तरी रात्र निघते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग पडते, पण वजनाला कितीतरी हलकी आणि तिच्यातला चार पंचमांश साठा बिनघोर वापरता येतो. संध्याकाळी इंजिन चालू असतं तेव्हाच ती भरून घ्यायची, राहिलेली भर ट्रक चालताना त्याच्या अल्टरनेटरवरून. सौर पॅनल ट्रकच्या टपावर आहे. आषाढाच्या ढगांत ते थोडंच देतं, पण उघडीप मिळाली की दुपारचं मोबाइल चार्जिंग त्यावर होतं आणि संध्याकाळचा भार तेवढा हलका होतो. बॅटरी आल्यापासून जनरेटर जेमतेम तीन-चार तास चालतो, आणि रात्री पावसाचा आवाज ऐकू येतो.

१२. इंधन शेवटी माणसाच्या हाताला शोभलं पाहिजे. उत्तम सेट आणला आणि तो हाताळणारा एकच असला, तर त्याला ताप आला त्या रात्री दिंडी अंधारात. म्हणून आमच्यात दरवर्षी दोन तरुण माझ्याबरोबर राहतात, त्यात एक मुलगी असतेच. तेलाची काडी पाहणं, एअर फिल्टर झटकणं, प्लग काढून पुसणं, अर्थिंग तपासणं; तुळजापूर येईपर्यंत ती माझ्याशिवाय सगळं करतात. पन्नास-साठ माणसांच्या दिंडीला माझं मन २ केव्हीएचा पेट्रोल इन्व्हर्टर सेट आणि एक चांगली बॅटरी या जोडीकडे जातं. शेकडो माणसं असतील, मोठा स्वयंपाक आणि मोठा मंडप असेल, तर ट्रकवर आवाजबंद पेटीतला डिझेल सेट. चौघांचं कुटुंब चार दिवस निघालं असेल तर आधी बॅटरी, मग वाटलं तर बाकीचं. तुमचा मुक्काम यातल्या कशासारखाच नसेल, आणि तसंच असायचं. काय काय लावायचं, किती तास, वाटेत काय मिळतं, हाताळणार कोण आणि शेजारी कोण झोपलं आहे, एवढं विचारून घेतलं की इंधनाचं नाव शेवटी आपोआप समोर येतं.